गाओचा हात कुणी तोडला? : तेझुकांच्या ‘अग्निपक्षी’मधली नारा काळाची कथा (कथानक पूर्ण उघड केलं आहे)

शाईदौत (धागाकर्ती)

जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या ‘हि नो तोरि’ म्हणजे ‘अग्निपक्षी’ या चित्रकथा-मालिकेतली पाचवी कथा वाचली की वाचकांच्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक : ‘बौद्ध म्हणवणारं काही इतकं काळंकुट्ट कसं?’ दुसरी : ‘गाओने पेरलं तसं उगवलं.’ पहिलीशी भांडण नाही. दुसरीशी आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवण करून हवी त्यांच्यासाठी कथा. काळ आठव्या शतकाचा, राजधानी नारा. गाओ जन्मतो त्याच दिवशी बाप त्याला आनंदाने कडेवर घेऊन डोंगरकड्यावर जातो, तोल जातो, बाप मरतो आणि पोराचा एक हात नि एक डोळा जातो. गावाच्या छळातून तो दरोडेखोर होतो. वाटेत भेटलेल्या आकानेमारू या मूर्तिकाराचा कामाचा हात तो नुसत्या मत्सरापायी चिरतो. हायामे नावाच्या बाईला बायको करतो, तिने आपल्या नाकावर विषप्रयोग केला या संशयाने तिला मारतो, आणि मेल्यावर कळतं की त्याने कधीतरी जीवदान दिलेला इवलासा किडा म्हणजेच ती होती. पुढे रोबेन नावाच्या भिक्खूमागे फिरताना गाओ मूर्ती घडवू लागतो. आकानेमारू दुसऱ्या हाताने कोरायला शिकतो, दरबाराच्या नजरेत भरतो, तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या, म्हणजे धातूच्या प्रचंड बुद्धमूर्तीच्या, कामावर प्रमुख होतो. शेवटी दोघांची स्पर्धा लागते, गाओचं काम सरस ठरतं, तेव्हा आकानेमारू त्याचे जुने गुन्हे बाहेर काढतो. गाओचा उरलेला हातही तोडला जातो.

आता मुद्दा. या कथेचं जपानी नाव ‘होओ-हेन’ आहे. होओ म्हणजे पूर्व आशियाई पुराणातला तो पक्षी. ‘कर्म’ हे नाव इंग्रजी अनुवादाने दिलं. आपल्याकडे बहुतेकांनी इंग्रजीच वाचलंय, आणि ‘कर्म’ शब्द मुखपृष्ठावर दिसला की मराठी माणूस पहिलं पान उलटायच्या आधीच पूर्वजन्म, प्रारब्ध, भोग सगळं मांडून बसतो. पण कड्यावरून पडण्याच्या त्या पानांत अपराध कुठेच नाही. आनंदाने पळणारा बाप आणि निसटलेला पाय, बस्स. पुढे पात्रं कर्मफळाची भाषा बोलतात हे खरं. पण पात्र काय बोलतं आणि पान काय दाखवतं, हे वेगळं धरून वाचायला हवं.

दुसरा पुरावा नाकाचा. मालिकेत ते मोठं, विद्रूप नाक पुन्हा पुन्हा येतं. तिसऱ्या शतकातल्या पहिल्या कथेत सारुताहिकोचं नाक मधमाश्यांच्या दंशांनी सुजतं. गाओचं आजाराने. आणि २५७७ सालात घडणाऱ्या अवकाशकथेत सारुताच्या चेहऱ्यावर अपराधाची खूण उमटते, ती वंशात चालेल असं त्याला सांगितलं जातं. म्हणजे अपराध भविष्यात, खूण मात्र हजार-दोन हजार वर्षं आधीपासून हजर! हे ‘आधी पाप मग शिक्षा’ या सरळ हिशेबात बसवून दाखवा.

पानपालटी

नाकाचा मुद्दा शंभर टक्के पटला. तीन कथांत तीन वेगळी कारणं, हे एकत्र मांडल्यावर दिसतं.

एक भर. आकानेमारूचं घसरणं किती लहान लहान पावलांनी होतं ते पुन्हा वाचताना मोजून पाहा. हात जातो तेव्हा तो द्वेष करत नाही, उलट दुसरा हात तयार करतो. इथे तो कथेतला सगळ्यात थोर माणूस आहे. मग तीन वर्षांत अग्निपक्षी कोरून दे असा हुकूम येतो, न जमल्यास जिवावर बेतणार. मग मोठं काम, मग हाताखाली माणसं, मग नाव. एकाही पायरीवर तो ‘वाईट’ निर्णय घेत नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र त्याच्याकडे हरवण्यासारखं इतकं काही साठलेलं असतं की जुनी जखम तो हत्यारासारखी बाहेर काढतो. मला या कथेतलं सगळ्यात काळोखं पान तेच वाटतं. खुनापेक्षाही.

कौलारू

स्पर्धा ज्या वस्तूची आहे तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. ओनिगावारा हे छपराच्या आढ्याच्या टोकाला बसवायचं राक्षसमुखी कौल. मुळात त्याचं काम अगदी व्यवहारी. दोन उतरणींच्या जोडावरचं आढं टोकाला उघडं राहतं, तिथून पाऊस आत शिरतो, लाकूड कुजतं. ते तोंड बंद करायचं म्हणून हे कौल. खालच्या कडेला अर्धगोल खाच असते, ती आढ्यावरच्या गोल कौलावर बसते. राक्षसाचा चेहरा त्यावर आला तो अरिष्ट दूर ठेवायला. आपल्याकडच्या मंदिरांवरचं कीर्तिमुख आठवा.

नारा काळात ही कौलं साच्यात माती दाबून काढत. चेहरा चपटा, उठाव कमी, एका साच्यातून अनेक नग. शिंगं असलेले, हाताने घडवलेले उग्र चेहरे बरेच नंतरचे, मुरोमाची काळापासूनचे. म्हणजे दोन कारागिरांनी आपापला एकमेव चेहरा घडवून स्पर्धेला ठेवणं ही तेझुकांची योजना आहे. चूक म्हणून सांगत नाही. साच्याची वस्तू त्यांनी मुद्दाम हाताची केली, कारण हात हाच कथेचा विषय आहे.

आणि माती का? लाकूड कोरायला दोन हात लागतात, एकात पटाशी, एकात हातोडा. एकच हात असेल तर ओंडका पायांत धरून नुसतं तासत बसावं लागतं. माती एका हाताने दाबता, ओढता, पुसता येते. एक हात असलेला माणूस निष्णात लाकूडकाम करणाऱ्याला कुठे गाठू शकेल, तर मातीत. शिवाय मातीत राग लपत नाही. जाड गोळा थापून चेहरा उभा केला आणि मागून पोकळ केला नाही, तर बाहेरचा थर आधी सुकतो, आतला ओला राहतो, नि भट्टीत नाक-गाल तडकतात. रागाने काम करणाऱ्याला इथे थांबावं लागतं : मागून कोरून सगळीकडे सारखी जाडी ठेवायची, सावलीत हळू सुकवायचं, भट्टीची धग हळू चढवायची. गाओचा राग चेहऱ्यात उतरतो आणि कौल तरीही अखंड राहतं, याचा अर्थ त्या रागाला धीर शिकवला गेलाय. रोबेनबरोबर फिरण्याची वर्षं या एका वस्तूत मोजता येतात.

शेवटी दोन्ही हात गेल्यावर तो तोंडात पटाशी धरून कोरतो. हातोडा नाही, म्हणजे ठोका नाही. मानेच्या जोरावर फक्त पातळ सोलपटं निघतात. जो माणूस एका घावात जीव घ्यायचा, त्याला आता एक घडी पाडायला दिवस लागणार. ते पान घाईने उलटू नका.

निळाई

जय भीम. धागाकर्तीने दुखरी नस बरोबर पकडली आहे. मराठीत ही कथा वाचणाऱ्यांत बौद्ध वाचक बरेच आहेत आणि ‘कर्म’ शब्दावर आपली तयारी वेगळी आहे. जन्माने मिळालेलं व्यंग, जात, गरिबी मागच्या जन्माच्या खात्यावर टाकणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसलं आहे. १९५७ साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न प्रस्तावनेतच ठेवला : आत्मा नाही म्हणायचं, मग कर्म आणि पुनर्जन्म कुठल्या अर्थाने? चार आर्यसत्यांनी धम्म निराशावादी दिसतो का, हा प्रश्नही तिथेच आहे. ‘इतकं काळंकुट्ट कसं’ असं विचारणाऱ्याने ती पानं जरूर काढावीत.

पाली साहित्यात याला थेट आधार आहे. संयुत्तनिकायातलं सीवक सुत्त. सीवक विचारतो, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकृत्याचं फळ, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध आठ कारणं देतात : पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे स्वतःला ठाऊक असलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टीच्या पलीकडे धावतात, असं ते म्हणतात. या यादीत गाओचा हात घाला. कड्यावरून पडणं हा आघात. नाक हा आजार. दोन्ही पहिल्या सातांत बसतात.

मग कर्म कुठे आहे? ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, हेतू म्हणजेच कर्म, असं अंगुत्तरनिकायात आहे. गाओने आकानेमारूचा हात चिरला तिथे हेतू आहे. हायामेला मारलं तिथे आहे. किड्याला सोडून दिलं तिथेही आहे, आणि हे आपण विसरतो. त्याची एकच बिनहिशेबी दया, तिचंही फळ त्याच्याकडे चालत येतं आणि तो ते स्वतःच्या हाताने मारून टाकतो. कथेत कर्मविपाक शोधायचाच तर तो इथे आहे. जन्माच्या दिवशी नाही.

स्पर्धेनंतर हात तोडला जातो त्याबद्दल मज्झिमनिकायातला अंगुलीमाल आठवावा. शेकडो माणसं मारून भिक्खू झालेला हा माणूस भिक्षेला गेला की लोक दगड मारत. डोकं फुटून, रक्तबंबाळ होऊन परत आला तेव्हा बुद्धांनी त्याला सहन कर म्हटलं. जे फळ दीर्घकाळ भोगावं लागलं असतं ते इथेच भोगून होतंय. लक्षात घ्या, दगड मारणाऱ्यांना बुद्ध शाबासकी देत नाहीत. सोसणाऱ्याचं सोसणं आणि मारणाऱ्याचा हेतू ही दोन खाती वेगळी आहेत. गाओने सोसलं हे त्याचं. हात तोडवला हे आकानेमारूचं. ‘गाओने भरलं’ एवढंच म्हणणारा वाचक दुसरं खातं गिळून टाकतो.

वाळवंटी_तारा

निळाई, फार चांगलं लिहिलंत. पण एक अडचण राहतेच. आगीत मरताना आकानेमारूला अग्निपक्षी सांगतो की तुला पुन्हा माणसाचा जन्म नाही. कथा तर इथे सरळ पुनर्जन्म मानते आहे. एक ‘तो’ पुढच्या देहात जातोय. हे सीवक सुत्ताने कसं सोडवणार?

निळाई

नाही सुटत, आणि ओढूनताणून सोडवायचंही नाही. तेझुकांचा पुनर्जन्म जपानी लोकश्रद्धेतला आहे, माझा नाही. जास्तीत जास्त मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातला दिवा आठवता येईल : रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, ‘न च सो, न च अञ्ञो’, तीच नाही आणि दुसरीही नाही. पण आकानेमारूच्या त्या पानावर ज्योतीचा विचार नाही, धास्ती आहे. ‘मी, इतका मोठा कलावंत, किडामुंगी होणार?’ त्याची भीती ‘मी’ला चिकटलेली आहे. कथेने त्या चिकटण्याचं दर्शन नीट घडवलं, एवढं मी मानते. तत्त्वज्ञान म्हणून तो भाग मला मान्य नाही.

शाईदौत (धागाकर्ती)

निळाईताई, दोन वेगळी खाती, हे माझ्या वाचनातून सुटलंच होतं. आभार.

ताराजी, तुमच्या शंकेला एक जोड. त्याच कथेत रोबेनचं काय होतं पाहा. तो ‘सोकुशिनबुत्सु’ होतो, म्हणजे देह ठेवून ध्यानस्थ अवस्थेत बसून राहतो. आपल्याकडे इथे लगेच ज्ञानेश्वरांची १२९६ची आळंदीची समाधी आठवते. साम्य वरवरचं आहे. जपानातली ही परंपरा शिंगोन पंथाची, मुख्यतः ईशान्येतल्या देवा प्रांतातली, आणि जतन झालेले बहुतेक देह एदो काळातले, म्हणजे कथेच्या हजारेक वर्षं नंतरचे. त्यामागे मैत्रेय बुद्ध येईपर्यंत देह राखायची कल्पना होती. खरा रोबेन महाबुद्धाचे डोळे उघडण्याच्या ७५२च्या सोहळ्यानंतरही दोन दशकं हयात होता, तोदाइजीचा पहिला प्रमुख म्हणून. तेझुकांनी इतिहास मोडून त्याला डोंगरात बसवलं आहे. कारण उघड दिसतं : एक भिक्खू राजाच्या बुद्धापासून दूर जाऊन संपतो आणि एक कलावंत त्या बुद्धाकडे चालत जाऊन संपतो.

कौलारू

राजाचा बुद्ध म्हणालात तर त्याचे आकडे इथे असू द्यात. ७३५ ते ७३७ देवीच्या साथीने देशातली पाव ते एक तृतीयांश माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. ७४३ला सम्राट शोमूने मूर्तीची आज्ञा काढली. ओतकाम ७४७ ते ७४९. आधी लाकडी सांगाड्यावर मातीची पूर्ण आकाराची मूर्ती, तिच्यावर बाहेरचा साचा तुकड्यांनी, मग आतली माती हव्या त्या जाडीइतकी तासून काढायची आणि त्या फटीत वितळलेला धातू. हे खालून वर आठ टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यावर भोवती मातीचा भराव चढवत जायचं, म्हणजे भट्ट्या आणि माणसं त्या उंचीला पोचतात आणि साचा धातूच्या दाबाने फुटत नाही. साच्यात ओल राहिली की वाफ होते आणि धातूत पोकळ्या पडतात. ओतकाम झाल्यावरही काही वर्षं ठिगळं ओतणं चालू होतं.

तांबं सुमारे ५०० टन, कथील साडेआठ टन, सोनं ४४० किलोच्या आसपास, पारा अडीच टन. या यादीत पाऱ्याकडे पाहा. सोनं पाऱ्यात विरघळवून लेप लावतात, मग निखाऱ्याने तापवून पारा उडवतात, सोनं उरतं. अडीच टन पारा वाफ होऊन त्या लोकांच्या छातीत गेला. सोन्याच्या पाचपट पारा. बुद्धाचा चेहरा चमकवायला लागलेली ही किंमत ठाऊक असली की आकानेमारूच्या बढतीची पानं वेगळी वाचली जातात.

पानपालटी

हे वाचून तीच पानं पुन्हा काढतोय.

कुणी नव्याने सुरुवात करणार असेल तर क्रमाबद्दल. कथा एकामागून एक भूतकाळ-भविष्यकाळ अशा येतात आणि दोन्ही टोकांकडून वर्तमानाकडे सरकतात. वर्तमानाची कथा लिहायच्या आधीच १९८९मध्ये तेझुका गेले. प्रसिद्धीच्या क्रमानेच वाचा. ऐतिहासिक काळाच्या क्रमाने लावून वाचलं की सगळी रचना ढासळते, कारण दुसरीच कथा ३४०४ सालात सुरू होऊन मानवजातीच्या शेवटापर्यंत जाते आणि बाकीच्या कथा त्या शेवटाच्या सावलीत वाचायच्या आहेत. त्या कथेत मासातोला अमरत्व मिळतं. एका पेटीत गोठवून ठेवलेला माणूस पाच हजार वर्षांनी उठेल म्हणून तो वाट पाहतो, आणि पेटी उघडतो तर आत काही उरलेलंच नसतं. ‘अनित्य’ शब्दावर दहा व्याख्यानं ऐकून जे होत नाही ते त्या पानावर होतं.

नारा कथा एकटी वाचली तरी कळते, पण नाकाचा धागा मग हातातून सुटतो. आणि ही कथा संपल्यावर लगेच पुढची उघडू नका, चार दिवस जाऊ द्या.

वाळवंटी_तारा

निळाईंनी दिलेल्या दोन खात्यांची कसोटी लावायला १९८१ची छोटी कथा फार उपयोगी आहे, साकोन नो सुकेची. बापाने मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी. क्रूर बापाचा आजार बरा होऊ नये म्हणून ती बरं करणाऱ्या भिक्खुणीला मारते आणि काळाच्या फेऱ्यात अडकून स्वतःच ती भिक्खुणी होते. येईल त्या जखमी जीवाला बरं करत राहायचं, आणि एके दिवशी आपलीच तरुण आवृत्ती तलवार घेऊन येणार हे ठाऊक असताना. इथे मारणारी आणि मरणारी एकच, म्हणजे दोन्ही खाती एकाच नावावर. पण मधल्या तीस वर्षांत ज्यांच्या जखमा तिने बांधल्या त्यांच्या वेदना खरोखर थांबल्या. शिक्षा म्हणून सुरू झालेलं काम रोज हेतूने केलेलं काम होतं. मला ही कथा नारा कथेपेक्षा कमी निराश वाटते ती यामुळे.

निळाई

ही कसोटी नेमकी आहे. हेतू रोज नवा धरावा लागतो, हे त्या कथेइतकं स्वच्छ कुठे आलेलं नाही.

शाईदौत (धागाकर्ती)

महाबुद्धाशी जोडलेला एक भारतीय माणूस राहिला. ७५२ला मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी ज्याच्या हातून झाला तो बोधिसेन हा भारतातून गेलेला भिक्खू, ७३६ला जपानात पोचलेला. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब दोरा बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, म्हणजे डोळे उघडण्यात प्रत्येकाचा हात. तो कुंचला आणि तो दोरा शोसोइन भांडारात आजही आहेत.

११८०च्या युद्धात तोदाइजी जळाली. मूर्ती दुरुस्त झाल्यावर ११८५ला निवृत्त सम्राट गो-शिराकावाने तोच जुना कुंचला काढून पुन्हा डोळे रंगवले. तेझुकांची युद्धपर्वाची कथा याच वर्षांत घडते, आणि तिच्यात कुरामा डोंगरावर एक अतिवृद्ध माणूस भेटतो. नाक पाहिलं की ओळख पटते. चारशे वर्षं उलटून गेलेला, हात नसलेला गाओ.